किचनमध्ये वाजतंय

४ नोव्हेंबर, सोमवार

परत बंद! चहाचा कप हातात, पाय स्टुलावर, अभंग नुकता कुठे रंगात आलेला — आणि हॉल एकदम गप्प. दिवाळीच्या आधीपासून हे चाललंय. उठायचं, फोनवर बोट दाबायचं, की परत सुरू. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

बनाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, मशीन लई जुनं झालंय की. टाका भंगारात." मी म्हटलं, जुनी तर मीही झालेय, मला कुठे टाकतेस? ती हसली. ती गेली की घरात बोलायला कुणी नसतं, म्हणून मी रोज काहीतरी खुसपट काढून तिला थांबवते. तिला ते कळतं. तरी थांबते.

दिवाळी झाली. माझा वरद आला नाही. ऑफिसात काहीतरी अडलं होतं म्हणे. शंकरपाळ्यांचा डबा तसाच आहे.

७ नोव्हेंबर

नेटवाल्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला. उद्या म्हणजे नक्की कधी, ते विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

वरदचा पुण्याहून फोन. दर रविवारी येतो, चुकत नाही. बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? पाणी आलं होतं का? तिन्हीला हो म्हणायचं. मग मी विचारायचं, जेवणाचं काय? तो म्हणणार, मागवलंय. मग तो म्हणतो, "चल आई, ठेवतो."

गाणं थांबतं हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं की लगेच काहीतरी विकत घेऊन पाठवतो. मागच्या वर्षी बोलता बोलता चुकून म्हणाले, फार एकटं वाटतं रे. तर चार दिवसांत पायाला मसाज करायचं यंत्र दारात!

१२ नोव्हेंबर

नेटवाला आला एकदाचा. बिरप्पा नाव, होटगीचा. आल्या आल्या यांच्या ॲम्प्लिफायरवर संशय घेतला. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. हे जाऊन तीन वर्षं होतील, पण त्याच्यावर मी धूळ बसू दिलेली नाही. जिल्हा परिषदेत जन्मभर आवक-जावक सांभाळलेली बाई आहे मी, वस्तू जागच्या जागी ठेवते.

मग त्याला सगळी कथा सांगितली. आधी आमच्याकडे ब्लूटूथ होतं. गाणं माझ्या फोनमधून जायचं, म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की सूर तुटायचे. कुणाचा मेसेज आला की तबल्याच्या मध्येच टिंग! आणि फोन आला की गाणं बंद पडून रिंग मोठ्या स्पीकरमधून घरभर. हे वैतागायचे. "हा गाण्याचा चोथा आहे," म्हणायचे. मग एका दिवाळीत मुलांनी ही काळी डबी आणली, साबणाच्या वडीएवढी. ती नेटवरून गाणं स्वतःच ओढून घेते आणि ॲम्प्लिफायरला देते. फोन फक्त हुकूम सोडायला. पहिल्या दिवशी यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, आता तार कुठे लागलीय ते ऐकू येतंय.

डबी बसवली ती इंद्रायणीनं. ती आणि हे, दोघं दुपारभर वायरी पसरून फरशीवर बसले होते.

इंद्रायणी म्हणजे माझी सून. होती. गेल्या वर्षी दोघांचे कागद झाले. काय बिनसलं ते मला कुणी सांगितलं नाही. वरद म्हणाला, आई, तू मध्ये पडू नकोस, तिला फोनही करू नकोस, तिनं नंबर बदललाय. मग काय करणार. या घरात तिचं नाव निघत नाही. इथे लिहिलं तेवढंच.

तर बिरप्पा. त्यानं नेटच्या खोक्यापासून डबीपर्यंत एक वायर टाकून दिली, भिंत मध्ये येते म्हणून. नेट मंदावलं की आवाज चपटा व्हायचा, ते आता होणार नाही म्हणाला. मग माझा फोन हातात घेऊन बघत बसला आणि विचारलं, "मावशी, हे अकाउंट कुणाचं हाय?"

माझ्या मुलाचं, म्हटलं.

"मग काय बिघडलेलं न्हाय की. एका अकाउंटवर एकाच जागी वाजतंय. तिकडं त्येंनी लावलं की तुमचं हितं बंद."

त्यानं उपायही सांगितला, स्वतःचं वेगळं अकाउंट काढा. मी नको म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

तो गेला आणि मग मला उमगलं. म्हणजे काही बिघडलेलं नाही! वरद पुण्यात गाणं लावतो आणि माझ्या हॉलमध्ये शांत होतं. इतके दिवस मी ज्याच्या नावानं खडे फोडत होते तो माझाच पोरगा! मला एकटीला हसू आलं.

१३ नोव्हेंबर

दिवेलागणीला थांबलं. घरी पोचला वाटतं.

१८ नोव्हेंबर

आता माझं मस्त बस्तान बसलंय. संध्याकाळी चहा झाला की माझं काहीतरी लावते. दिव्याच्या सुमारास ते थांबतं. फोनच्या पडद्यावर दिसतं तिकडे काय लावलंय ते. आणि काय लावलेलं असतं, तर सतार! लहानपणी यांनी सतार लावली की हाच मुलगा खोलीचं दार धाडकन लावून घ्यायचा. बापावर गेला शेवटी. वय झालं की येतं एकेक.

एकच लावतो. ते संपलं की गप्प. मग मी उठते आणि माझं परत सुरू करते. आधी मी लगेच ओढून घ्यायचे, आता थांबते. पाळी पाळीनं. मधली शांतता आता खायला उठत नाही. आत न्हाणीघरात कुणीतरी अंघोळ करत असावं, तसं वाटतं घर.

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन. गोळ्या, पाणी, मागवलंय. जिभेवर आलं होतं — काल ती भीमपलासी किती छान होती रे! गिळलं. सांगितलं तर म्हणेल, अगं तुझं बंद पडतं का, थांब, वेगळं घेऊन देतो. दिलं की संपलं.

२८ नोव्हेंबर

काल नाही, आज नाही. गाणं आपलं सुरूच. ताप तर नसेल? रविवारशिवाय फोन केला तर तो आधी घाबरतो, मग चिडतो. नाही केला.

२९ नोव्हेंबर

थांबलं! देवापुढे साखर ठेवली.

४ डिसेंबर

आज भलताच प्रकार. सकाळी भूपाळी लावायची होती. चष्मा सापडेना, तशीच फोनवर बोटं फिरवली. भूपाळी लागली असं फोन म्हणतोय आणि हॉलमध्ये आवाज नाही! डोळ्यांजवळ धरून बघितलं तर लिहिलेलं — किचनमध्ये वाजतंय.

मी आपली स्वयंपाकघरात गेले. बनाबाई ओटा पुसत होती. तिला विचारलं, इथे काही वाजतंय का गं? ती म्हणाली, "हितं कुटं काय वाजतंय? कुकर बी लावलेला न्हाय." दोघी मिळून मिक्सरच्या मागे, डब्यांच्या मागे बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. हे माझं स्वयंपाकघर नाही. वरदचं! जिथे वाजवायचं त्या जागांची नावं येतात फोनवर. त्यात मी 'हॉल सोलापूर'च्या ऐवजी खालच्या 'किचन'ला बोट लावलं होतं.

म्हणजे पुण्यात, भल्या सकाळी, त्याच्या स्वयंपाकघरात, माझी भूपाळी! परत कसं आणायचं ते सुचेना. आता फोन येणार, आई काय हे म्हणणार. हात बांधून बसून राहिले. नाही आला. त्यानं बंदही केली नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत वाजली. आणि संपल्यावर तिकडून एक सतार लागली, छोटीशी.

बनाबाईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलला की लेक तुमचा."

५ डिसेंबर

आज चष्मा लावून, मुद्दाम, किचन. शेवटपर्यंत ऐकली.

१५ डिसेंबर, रविवार

फोन. आवाज थकलेला. विचारलं काय झालं, तर काही नाही. दोन मिनिटांत ठेवला. पूर्वी अशा फोननंतर माझा अख्खा रविवार कडू व्हायचा. आता नाही होत. फोनवर कोरडा असेल, पण रोज सकाळी भूपाळी ऐकतो, संध्याकाळी सतार लावतो. काही माणसांना बोलता येत नाही, एवढंच. हे तरी कुठे बोलायचे? पण माझ्या आवडीचं लागलं की आवाज वाढवायचे.

आज शेंगाचटणी कुटली. संक्रांतीला येतोय, सिद्धेश्वराच्या जत्रेला, आमच्या गड्ड्याला. बरोबर देईन.

१९ डिसेंबर

यांचा दिवस. गुरुजी येऊन गेले, पानं उठली, बनाबाई डबा घेऊन गेली. वरदला रजा नव्हती. दुपारी नुसतीच पडले होते. सकाळची भूपाळीही आज लावली नव्हती, आणि हॉलमध्येही काही नाही.

सहज फोन बघितला. किचनमध्ये सतार वाजत होती. यांची भीमपलासी — लांबलचक, जिचा आलाप संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही असा यांचा दंडक होता. ती संपली, आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. मग परत. भर दुपारी! म्हणजे ऑफिसला गेलाच नाही. घरी बसून बापाची सतार ऐकत होता.

फार रडले. चांगलं रडले. लक्षात होतं माझ्या पोराच्या. त्यानं मला फोन केला नाही, मीही केला नाही. कशाला लागतो फोन?

३१ डिसेंबर

खालच्या मजल्यावर पोरांचा धिंगाणा. मी आपलं लवकर आवरून घेतलं. सतार वेळेवर झाली.

१२ जानेवारी, रविवार

आला! खाली रिक्षातून उतरताना गॅलरीतून बघितला. केस पांढरे व्हायला लागलेत. त्यानं पिशवी ठेवली, ॲम्प्लिफायरकडे बघितलं, म्हणाला, "अजून चालतो का हा?"

मला वाटलं, गंमत करतोय.

१३ जानेवारी

नीट लिहिते.

संध्याकाळी वरद समोर दिवाणावर बसला होता. कडक भाकरीचे तुकडे, दही, चटणी. फोन त्याच्या शेजारी पालथा पडलेला. हॉलमध्ये माझा अभंग चालू होता. दिवा लावला, येऊन बसले, आणि अभंग थांबला.

मी त्याच्याकडे बघून हसले. म्हटलं, तू लावलंस ना?

"काय लावलं?" तोंडात घास.

फोन बघितला. किचनमध्ये वाजतंय. सतार.

मी म्हटलं, तुझ्या घरी कोण आहे आत्ता? तो म्हणाला, घरी कोण असणार, कुलूप आहे. मग त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. बघितला. चेहरा असा झाला, जणू कुणीतरी पाठीमागून नावानं हाक मारली.

ते ॲप तो वापरतच नाही. वर्ष-दीड वर्ष झालं. ऑफिसनं दुसरं दिलंय, गाडीत त्यावर बातम्या ऐकतो. याचे पैसे त्याच्या कार्डातून आपोआप जातात, त्याच्या ध्यानातही नव्हतं. किचनचा तो छोटा स्पीकर इंद्रायणीचा. जाताना ती तेवढा घेऊन गेली.

भूपाळी. रोजची सतार. आणि एकोणीस तारखेची ती भीमपलासी!

वरदनं विचारलं, "ती हेच लावते? रोज?"

मी म्हटलं, हो. बाबांच्या दिवशी दुपारभर लावली होती.

तो यांच्या खुर्चीकडे बघत राहिला. एकोणीस तारीख त्याच्या लक्षात नव्हती, ते मला तेव्हा कळलं. त्यालाही कळलं की मला कळलं. बिचारा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर उठून गॅलरीत गेला.

परत आला तो पासवर्ड बदलायचं म्हणत. बरं दिसत नाही म्हणाला, तिनं आपल्या अकाउंटवर राहणं. मी म्हटलं, राहू दे की, कुणाचं काय जातंय? तो म्हणाला, तुझं गाणं थांबतं ना. मी म्हटलं, थांबू दे. मला चालतं. मला आवडतं. असं स्पष्ट सांगितलं मी, पहिल्यांदाच. त्यानं ताट पुढे ओढलं. मला वाटलं, पटलं.

चहा टाकायला आत गेले. गाळून आणला, तर तो फोन माझ्या जागेवर ठेवत होता.

"झालं, आई. आता तुझं गाणं कधीच थांबणार नाही."

१४ जानेवारी, संक्रांत

गड्ड्यात सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता काल झाल्या, आज होम. वरद जाऊन गर्दी बघून आला. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोललो दोघंही. मी त्याच्यावर रागावलेले नाही. तो दुखावलाय आणि त्याला ते झाकायला दुसरं काही सापडलं नाही. पण माझं जे गेलं ते गेलं.

१५ जानेवारी

गेला. चटणीच्या दोन पुड्या बांधल्या होत्या. दुसरी कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एकच नेली.

१६ जानेवारी

सकाळी भूपाळीसाठी फोन उघडला. 'हॉल सोलापूर' आहे. खाली किचन नाही. बोट तिथेच ठेवून बसले होते. मग फोन ठेवून दिला. भूपाळी लावलीच नाही.

१९ जानेवारी, रविवार

फोन. गाणं नीट चालतंय ना? हो म्हटलं. आवाज कसा येतो? म्हटलं, उत्तम.

खोटं नाही. आवाज खरंच उत्तम आहे. वायरीवर आहे, तुटत नाही, चपटा होत नाही, कुणी मध्ये येत नाही. काल संध्याकाळी एकामागून एक चालूच होतं, मला ते बंद करायलाही उठावंसं वाटेना. बनाबाई सकाळी आली तेव्हा विचारते, "बाई, बोलत का न्हाई तुमी?"

२१ जानेवारी

आजही एकदाही थांबलं नाही.

२३ जानेवारी

अनोळखी नंबर. बँकेच्या नावाखाली फसवणारे असतात, म्हणून कापणारच होते.

"आई, मी इंद्रायणी."

मी नंबर परत बघितला.

"अकाउंट उघडत नाही, आठवडा झाला, भूपाळी आली नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या फोनवर 'हॉल सोलापूर' दिसायचं, ते नाव तिनंच तर ठेवलेलं. ऑफिसातून आली की आधी बघायची, हॉल चालू आहे का. असला की बाबांची एक सतार लावायची, मुद्दाम, माझं बंद पडावं म्हणून. "मग तुमचं परत सुरू व्हायची वाट बघायचे. सुरू झालं की कळायचं, तुम्ही उठून फोनपर्यंत आलात." फोन करायचा धीर नव्हता म्हणाली. एवढं जमत होतं.

मी विचारलं, आत्ता काय करतेस? चहा टाकतेय, म्हणाली. मी म्हटलं, मग मीही टाकते, फोन ठेवू नकोस. ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. तिच्या पातेल्याचा आवाज येत होता.

आज गाणं लावायचं राहूनच गेलं.